कर्जात मुरलेल्या विम्याचे पैसे

मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि जानेवारी २००१ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, रुजू झाले. त्यानंतर आम्ही इथल्या एकाच बँकेकडून दोन वेळा वैयक्तिक कर्ज घेतले. पहिले मार्च २००३ मध्ये, यजमान आणि मुलगी इकडे आल्यावर घर मांडण्यासाठी घेतले. दुसरे नोव्हेंबर २००६ मध्ये, आदल्या वर्षीच्या कृष्णेच्या पुरात सांगलीच्या घराच्या दोन भिंती गेल्या होत्या त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी घेतले. दोन्ही कर्जे आम्ही एकही हप्ता न चुकवता फेडली. त्या दोन्हींच्या पोटात ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’, म्हणजे पीपीआय, नावाचा विमा घातलेला होता, आणि त्याचे पैसे आम्ही वर्षानुवर्षे व्याजासकट भरत होतो, हे मला २०१६ साली कळले. ते पैसे परत मिळवायला सव्वादोन वर्षे लागली. त्या काळात काय काय करावे लागले हे मी सविस्तर लिहीत आहे, कारण यातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब बँकेने नव्हे, आम्ही स्वतः मांडला.

आधी हा विमा काय होता ते सांगायला हवे. कर्जदार आजारी पडला, अपघात झाला किंवा नोकरी गेली, तर ठरावीक महिने कर्जाचे हप्ते विमा कंपनीने भरायचे, अशी ही योजना होती. कल्पना वाईट नव्हती. वाईट होती ती विकण्याची पद्धत. वैयक्तिक कर्जावर हा विमा बहुधा एकरकमी प्रीमियमने विकला जाई. म्हणजे पाच वर्षांचा संपूर्ण प्रीमियम पहिल्याच दिवशी कर्जाच्या रकमेत मिळवायचा आणि मग पाच वर्षे त्या प्रीमियमवरही कर्जाच्याच दराने व्याज घ्यायचे. कर्जदाराच्या हाती यातला एक पौंडही येत नसे, पण त्याच्या नावावर कर्ज मात्र वाढलेले असे. असे सुमारे साडेसहा कोटी विमे ब्रिटनमध्ये विकले गेले, त्यांतले बहुतेक १९९० ते २०१० या काळात.

आमच्या पहिल्या कर्जाचे आकडे असे होते. आम्ही मागितले ६,००० पौंड. त्यात विम्याचे १,१४० पौंड मिळवले गेले आणि कर्ज झाले ७,१४० पौंडांचे. नुसत्या ६,००० पौंडांचा हप्ता महिना १२९ पौंडांच्या आसपास बसला असता, आम्ही भरत होतो १५३. शाखेतल्या तरुण अधिकाऱ्याने मला एकच आकडा सांगितला होता, १५३, आणि हे ‘प्रोटेक्शनसकट’ आहे असे म्हणाला होता. मला वाटले, बँकेचे कर्ज सुरक्षित असते, तसलेच काहीतरी असेल. विमा न घेता कर्ज मिळते का, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. देशात नव्याने आलेल्या माणसाला कर्ज मंजूर होणे हीच मोठी गोष्ट वाटत असते. समोरच्या कागदावर जिथे बोट ठेवले जाईल तिथे तो सही करतो.

२०१६ च्या फेब्रुवारीत वॉर्डमधल्या एका सहकारी नर्सला तिच्या जुन्या कर्जावरच्या पीपीआयचे पैसे परत मिळाले. तिने मला घरी जाऊन जुने कागद बघायला सांगितले. तोवर या विषयाचे फोन आणि मेसेज आम्हाला रोज येत असत, पण ते दलाल कंपन्यांचे असत आणि आम्ही ते फसवणुकीचेच समजून बंद करत होतो. या कंपन्या मिळालेल्या रकमेतला चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त घेत असत. त्यांच्या शुल्कावर २० टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आली ती जुलै २०१८ मध्ये. तक्रार करायला दलाल लागत नाही, बँकेला थेट लिहिता येते आणि त्याला काही खर्च नाही, हे त्या सहकारी बाईंनी सांगितले नसते तर आम्हीही कदाचित एखाद्या कंपनीच्या कागदावर सही केली असती.

त्या रविवारी माळ्यावरची फाइल काढली तेव्हा २००६ चा करार सापडला, २००३ चा नाही. तेव्हाच्या माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे १० पौंड भरून बँकेकडे आपल्याविषयीची सर्व नोंद मागता येत असे आणि ती ४० दिवसांत द्यावी लागे. मी चेकसह पत्र पाठवले. मार्चअखेर एक जाडजूड पाकीट आले. त्यात पहिल्या कराराची छायाप्रत होती, दोन्ही कर्जांची हप्तावार खाती होती आणि पहिले कर्ज बंद करून दुसरे सुरू करतानाचा एक हिशेबाचा कागदही होता. त्या कागदाचे मोल तेव्हा कळले नाही.

छायाप्रतीवर विम्यासाठी दोन चौकोन होते, ‘हवा’ आणि ‘नको’. ‘हवा’ या चौकोनात फुली होती. मी तो कागद खिडकीपाशी नेऊन पाहिला. खालची सही माझ्या पेनाची होती, वाकडीतिकडी, ठळक. फुली मात्र आजूबाजूच्या अक्षरांसारखीच बारीक आणि सरळ होती. ती हाताने केलेली नव्हती, छापलेली होती. माझ्यासमोर कागद आला तेव्हा निवड आधीच झालेली होती. दुसऱ्या करारावरही तसेच होते.

मग मी पॉलिसीची पुस्तिका वाचायला घेतली आणि माझा राग वाढत गेला. माझ्या पॉलिसीत पाठीच्या दुखण्यावर विमा लागू नव्हता, एक्स-रेसारख्या तपासणीत दोष दिसला तरच अपवाद. मानसिक ताणाच्या आजारांवरही असेच बंधन होते. आधीपासून असलेल्या आजारासाठी तर काहीच मिळणार नव्हते. नर्स कामावर गैरहजर राहते ती कशामुळे, हे कोणत्याही नर्सला विचारावे. रुग्ण उचलून उचलून पाठ जाते. २००४ मध्ये मी स्वतः पाठीसाठी दोन महिने फिजिओथेरपी घेतली होती. म्हणजे २००६ च्या विम्यात मला जो आजार होण्याची सर्वांत जास्त शक्यता होती, तोच दोन वेगवेगळ्या कलमांनी बाहेर ठेवलेला होता. विकणाऱ्याने माझ्या प्रकृतीविषयी एक प्रश्नही विचारला नव्हता.

त्याहून मोठा मुद्दा आजारपणाच्या पगाराचा होता. एनएचएसमध्ये पाच वर्षे नोकरी झालेल्या माणसाला आजारपणात सहा महिने पूर्ण आणि पुढे सहा महिने अर्धा पगार मिळतो. तिसऱ्या वर्षात असलेल्यालाही चार महिने पूर्ण आणि चार महिने अर्धा मिळतो. २००३ मध्ये मी तिसऱ्या वर्षात होते, २००६ मध्ये पाच वर्षे उलटली होती. माझ्या आजारपणाची सोय माझ्या नोकरीनेच केलेली होती. त्यासाठी १,१४० आणि नंतर १,७६० पौंडांचा विमा घेण्याची मला गरज नव्हती, आणि ‘तुमच्या कामावर आजारपणाचा पगार किती मिळतो’ एवढे विचारले असते तरी हे दोन मिनिटांत उघड झाले असते.

तक्रारीसाठी ऑम्बड्समन सेवेची, म्हणजे ग्राहक आणि बँका यांच्यातल्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेची, एक छापील प्रश्नावली असे, तीच बँकाही स्वीकारत. त्यात विमा कुठे विकला, समोरासमोर की फोनवर, काय सांगितले गेले, नोकरी कोणती होती, पगार, बचत, प्रकृती असे सगळे विचारलेले असे. मी ती दोन कर्जांसाठी दोनदा भरली. माझा इथे एकच आग्रह आहे: जे आठवत नाही ते आठवत नाही असेच लिहावे. दलाल कंपन्यांच्या तयार नमुन्यांत ‘विमा घेतला नाही तर कर्ज मिळणार नाही असे मला सांगितले’ हे वाक्य सर्रास असे. मला तसे कोणी स्पष्ट सांगितले नव्हते, म्हणून मी ते लिहिले नाही. मी लिहिले की मला पर्याय आहे हे सांगितले गेले नाही, विम्याची वेगळी किंमत आणि तिच्यावरचे व्याज सांगितले गेले नाही, आणि फुली छापलेली आहे. त्यासोबत नोकरीच्या करारातले आजारपणाच्या पगाराचे पान, फिजिओथेरपीची नोंद आणि दोन्ही करारांच्या प्रती जोडल्या.

बँकेला उत्तर द्यायला आठ आठवड्यांची मुदत असते. सातव्या आठवड्यात उत्तर आले: तक्रार फेटाळण्यात येत आहे. कारण, करारावर विम्याची रक्कम लिहिलेली आहे आणि तुम्ही खाली सही केली आहे. आजारपणाच्या पगाराचा उल्लेख संपूर्ण पत्रात नव्हता. ते पत्र वाचून यजमान म्हणाले, सही आपली आहे, आता सोडून दे. पुष्कळ लोक इथेच थांबतात, आणि माझ्या मते अशी पत्रे त्याच भरवशावर लिहिली जातात. पण त्याच पत्राच्या शेवटी, नियमाप्रमाणे लिहावेच लागते म्हणून, सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ऑम्बड्समन सर्व्हिसकडे जाता येईल असे लिहिलेले होते.

त्या दरम्यान मी या प्रकरणाचा मागचा इतिहास वाचला आणि सही हा शेवटचा शब्द नाही याची खात्री पटली. सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने सप्टेंबर २००५ मध्येच या विम्याविरुद्ध सरकारी यंत्रणेकडे रीतसर मोठी तक्रार केली होती. म्हणजे आमचा दुसरा विमा त्या तक्रारीनंतर वर्षभराहून अधिक काळाने विकला गेला. २००९ मध्ये वैयक्तिक कर्जांवरचा एकरकमी विमा थांबवायला लावला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये वित्तीय नियामकाने जुन्या तक्रारी कशा तपासायच्या याचे नियम घातले, त्यांविरुद्ध बँकांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०११ मध्ये हरली. त्यानंतरच परतफेडीचा ओघ सुरू झाला. जानेवारी २०११ पासून सर्व मिळून ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम लोकांना परत गेली. या सर्व नियमांमध्ये प्रश्न ‘सही केली का’ एवढाच नव्हता. सही करण्यापूर्वी माणसाला काय सांगितले, आणि त्याच्या परिस्थितीला ती वस्तू योग्य होती का, हे विचारायचे होते.

ऑम्बड्समनकडे तक्रार करायला ग्राहकाला काही द्यावे लागत नाही. तिथे पीपीआयच्या तक्रारींची रांग लांब होती आणि आमचा क्रम यायला वर्षाहून जास्त काळ गेला. २०१७ च्या शरद ऋतूत ज्यांच्याकडे आमचे प्रकरण आले, त्यांनी मला फोन करून अर्धा तास बारीकसारीक विचारले. शाखेत आम्ही किती वेळ होतो, अधिकारी संगणकावर भरत होता की कागदावर, छापलेला कागद कधी हातात दिला. मला आठवले तेवढे सांगितले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचे लेखी मत आले. दोन्ही विमे चुकीच्या पद्धतीने विकले गेले, कारण एकरकमी प्रीमियमचा एकूण खर्च स्पष्ट सांगितल्याचा पुरावा नाही आणि माझ्या आजारपणाच्या पगाराकडे पाहता तो खर्च कळला असता तर मी विमा घेतला नसता, असा त्याचा आशय होता. विमा नसता तर आमची जी स्थिती असती त्या स्थितीत आम्हाला आणावे, असे त्यात बँकेला सांगितले होते. बँकेने ते मान्य केले.

खरे काम इथून पुढे होते. मार्चमध्ये बँकेचा हिशेब आला. एकूण ५,९५६ पौंड, करकपातीपूर्वी. मी आनंदाने फोन करून सर्वांना सांगितले. माझे यजमान मात्र इकडे येण्यापूर्वी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात होते, आणि दोन बाजू जुळल्याशिवाय खाते बंद करायचे नाही ही त्यांची जुनी शिस्त आहे. त्यांनी मुलीची एक लांब वही घेतली, रोजमेळासारख्या उभ्या रेघा आखल्या आणि दोन्ही कर्जांचा प्रत्येक हप्ता मांडायला बसले. तीन संध्याकाळी हे काम चालले.

पहिल्या कर्जाचे ४३ हप्ते आम्ही भरले होते. दर हप्त्यात विम्याचे २४ पौंड ४४ पेन्स, म्हणून १,०५१ पौंड. बँकेचा आकडा तोच होता. दुसऱ्या कर्जाचे ६० हप्ते, दर हप्त्यात नव्या विम्याचे ३६ पौंड ९४ पेन्स, म्हणून २,२१६ पौंड. तोही आकडा जुळला. मग त्यांनी माहितीच्या पाकिटातला तो जोडणारा कागद काढला. पहिले कर्ज बंद करताना २,४१० पौंड बाकी होती. त्यात विम्याच्या मुद्दलाचे अजून न फिटलेले ३८५ पौंड होते. विम्याचे १७ महिने शिल्लक असताना बँकेने न वापरलेल्या काळाचे म्हणून परत दिले होते फक्त ९५ पौंड. म्हणजे जुन्या विम्याचे २९० पौंड नव्या कर्जात तसेच पुढे ओढले गेले होते आणि आम्ही त्यांच्यावर आणखी पाच वर्षे व्याज भरले होते. बँकेने दोन कर्जे दोन वेगळी बेटे समजून हिशेब केला होता. पहिल्यातून दुसऱ्यात काय वाहून आले ते पाहिलेच नव्हते.

त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “पाणी इथं मुरलंय.”

त्या २९० पौंडांपोटी दुसऱ्या कर्जाच्या दर हप्त्यात ६ पौंड ९ पेन्स जात होते, ६० हप्त्यांचे ३६५ पौंड. परतफेड करताना प्रत्येक जादा भरलेल्या रकमेवर, ती भरल्याच्या दिवसापासून पैसे मिळेपर्यंत, वर्षाला ८ टक्के सरळ व्याज द्यायचे असे. ते धरून फरक ६२५ पौंडांच्या घरात गेला. आम्ही वहीच्या पानांची प्रत, त्या कागदाची प्रत आणि एक पानाचे पत्र बँकेला पाठवले आणि त्याचीच एक प्रत ऑम्बड्समनकडे दिली. तीन आठवड्यांत सुधारित हिशेब आला. त्यात आमचा आकडा होता. चूक कशी झाली याविषयी एक ओळही नव्हती.

ज्यांनी एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे घेतले, दुसऱ्यात तिसरे मिसळले, अशा सर्वांच्या बाबतीत हाच धोका होता, आणि आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या कुटुंबांत अशी साखळी जास्त असते, कारण गावाकडची निकड कर्ज फिटेपर्यंत थांबत नाही. म्हणून कर्जांचा हिशेब नेहमी साखळी म्हणून मांडावा आणि जुने बंद करताना नव्यात काय आले हा प्रश्न लेखी विचारावा.

२० एप्रिल २०१८ रोजी पैसे जमा झाले. जादा भरलेले ३,६३३ पौंड, त्यावर व्याज २,९४८ पौंड, आणि व्याजावर २० टक्के प्राप्तिकर कापून घेतला ५९० पौंड. हाती आले ५,९९१. परत मिळालेल्या मूळ रकमेवर कर नसतो, पण ८ टक्के व्याज हे उत्पन्न मानले जाते आणि बँक त्यावरचा कर परस्पर कापते. इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. एप्रिल २०१६ पासून मूळ दराने कर भरणाऱ्याला बचतीवरच्या व्याजात वर्षाला १,००० पौंडांपर्यंत कर लागत नाही. त्या वर्षी आमचे दुसरे व्याज जवळजवळ नव्हते. आर-४० नावाचा अर्ज भरून मी कर खात्याकडे पाठवला आणि २०० पौंड परत आले. असा अर्ज कर वर्ष संपल्यापासून चार वर्षांच्या आत करता येतो.

यानंतर आमच्या ओळखीतल्या चार-पाच घरांचे कागद मी पाहून दिले. त्यांतली एक कोल्हापूरची, माझ्याच वॉर्डमधली. तिची तक्रार २०१४ मध्येच फेटाळली गेली होती आणि ती ऑम्बड्समनकडे गेली नव्हती, त्यामुळे ते दार बंद झाले होते. पण नोव्हेंबर २०१४ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने श्रीमती प्लेव्हिन यांच्या खटल्यात निराळाच मुद्दा ग्राह्य धरला होता. त्यांच्या ५,७८० पौंडांच्या प्रीमियममधले ७१.८ टक्के नुसते विमा विकणाऱ्यांच्या दलालीत, म्हणजे कमिशनमध्ये, गेले होते आणि ते त्यांना सांगितले नव्हते. एवढी दलाली लपवणे हाच अन्याय आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यावरून नियामकाने ऑगस्ट २०१७ पासून नियम केला की दलाली निम्म्याहून जास्त असेल तर निम्म्यावरचा भाग परत द्यायचा. ज्यांच्या तक्रारी आधी फेटाळल्या होत्या त्यांना बँकांनी याविषयी कळवायचे होते. तिलाही पत्र आले होते, पण तिने ते जाहिरात समजून फेकून दिले होते.

सर्व तक्रारींची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. त्या आठवड्यातल्या सोमवारी बँक हॉलिडे होता. ती दुपारी घरी आली, म्हणाली, “ताई, एकदा नाही म्हणालेत ते, आता परत कुठं तोंड वर करून विचारायचं?” मी तिला सांगितले की प्रश्न वेगळा आहे, म्हणून पुन्हा विचारायचे. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज ऑनलाइन भरला आणि पोचपावती छापून तिच्या पर्समध्ये ठेवली.

उत्तर २०२० च्या वसंतात आले. तिने विम्यापोटी १,९०० पौंड भरले होते. दलाली निघाली ६८ टक्के, म्हणून निम्म्यावरचे १८ टक्के, ३४२ पौंड, आणि त्यावरचे व्याज तिला मिळाले. करोनाचे दिवस होते, आम्ही दोघी लागोपाठच्या पाळ्यांत होतो. तिने ते पत्र लॉकर रूममध्ये माझ्यापुढे धरले आणि ६८ या आकड्याखाली बोट ठेवले. तो विमा तिला २००५ मध्ये विकला होता, आणि त्यातले किती विकणाऱ्याला गेले हे तिला पहिल्यांदा त्या दिवशी कळत होते.